दोन बंपरांच्या मधला उंदीर

आपल्या गाडीत काहीतरी बिघडावं म्हणून मनापासून वाट पाहणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकच असावा, आणि तो थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या एका सोसायटीत राहत होता. बुद्धरत्न ओव्हाळ त्याचं नाव. चाकणच्या एका कंपनीत तो क्वालिटीला होता. गाड्यांना लागणारी रबराची बुचं, वायसर, पट्ट्या असले बारीकसारीक पार्ट ही कंपनी बनवायची आणि ते पास की नापास हे बुद्धरत्न ठरवायचा. केसाएवढी चीर दिसली तरी तो अख्खा लॉट परत पाठवायचा. प्रॉडक्शनची माणसं त्याला लांबून पाहून रस्ता बदलत. त्याला वाटायचं, आदरानं बदलतात.

अशा माणसानं गाडी घेताना एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली नसती तरच नवल. शोरूममधल्या रुपाली मॅडम म्हणाल्या होत्या, "सर, बंपर टू बंपर! तुम्ही फक्त पेट्रोल टाकायचं आणि फिरायचं." बुद्धरत्ननं तिथल्या तिथे सही केली. एरवी तो दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. पण त्या दिवशी गाडीला हार घातलेला, पुढच्या सीटवर आई नवं लुगडं नेसून बसलेली, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली आणि समोर फोटोवाला. अशा वेळी माणूस जन्मठेपेच्या कागदावरही हसत सही करतो.

पुढे कंपनीची मूळ वॉरंटी संपली, वाढवलेली सुरू झाली, आणि त्या दिवसापासून गाडीला कुणाची तरी दृष्ट लागल्यासारखी ती उत्तम चालायला लागली. साधी कुरकुर नाही. बुद्धरत्न बेचैन झाला. पैसे भरलेत आणि काही मोडतच नाही, म्हणजे काय?

त्यात शेजारी सयाजीराव ढमाले. एका मोठ्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूर्णवेळ कामाला लागलेले. "ओव्हाळ राव, फसलात तुम्ही," ते दर रविवारी म्हणायचे. "अहो, ही वॉरंटी म्हणजे पावसाळा संपल्यावर मिळणारी छत्री." त्यांच्या पत्नी कुसुमताई यांचा अनुभव तर ताजा होता. त्यांच्या फ्रिजला अशीच वाढीव वॉरंटी होती. फ्रिज गार होईना तेव्हा माणूस आला आणि म्हणाला, कॉम्प्रेसर वॉरंटीत आहे, पण तुमचा गॅस गेलाय, तो नाही. दाराचं रबर नाही. आतला दिवा नाही. "मी म्हटलं, बाबा, मग आहे काय?" कुसुमताई सांगायच्या. "तर म्हणाला, मावशी, कॉम्प्रेसर आहे ना. आणि कॉम्प्रेसर तर धडधाकट होता मेला!"

बुद्धरत्न हसायचा. फ्रिजवाल्यांनी वाचलं नसेल, असं म्हणायचा. आपणही वाचलेलं नाही, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

तर डिसेंबरातल्या एका सकाळी तो आईला दवाखान्यातून घेऊन येत होता. आई म्हणजे अंबुबाई. मूळची मावळातली, नवरा देहूरोडच्या डेपोत मजूर होता, त्यामुळे आयुष्य देहूरोडला गेलेलं, आता गुडघे घेऊन मुलाकडे राहायला आलेली. डांगे चौकात पेरूची गाडी दिसली म्हणून बुद्धरत्ननं डावी मागची काच खाली केली. आईनं पेरू घेतले. काच वर करायचं बटण दाबलं. काच वर येईना. पुन्हा दाबलं. आतून नुसतं 'टिक' झालं.

"लागली!" बुद्धरत्न स्टिअरिंगवर हात आपटून ओरडला.

"काय लागलं रं? हात चेपला का काय?" आई दचकली.

"काच बिघडली, आई! मोटर गेली बहुतेक!"

"मग हसतूयास कशापायी?"

त्यानं आईला वॉरंटी समजावून सांगितली. आईनं पेरू खात ऐकून घेतली. मग म्हणाली, "तुझं ते वारंट काय मला कळत न्हाई. पण पंचवीस तारखेच्या आत काच बसव. वारं लागतंय, आन् मला देहूरोडला जायाचंय."

हे मात्र गंभीर होतं. पंचवीस डिसेंबरला देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं बुद्धमूर्ती बसवली होती. त्या तारखेला अंबुबाई लग्न होऊन आल्यापासून तिथे गेली नाही असं कधी झालं नव्हतं. आधी चालत, मग सायकलवर, मग बसनं. या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि बुद्धरत्ननं सगळ्या नातेवाइकांसमोर शब्द दिला होता: आई या वर्षी स्वतःच्या गाडीतून जाईल, थेट दारापर्यंत.

"अगं, पंचवीस कशाला, उद्या मिळेल," तो म्हणाला.

खिडकीला प्लास्टिकचा कागद चिकटवून तो चाकण रस्त्यावरच्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथे गणराज नावाचा सल्लागार होता. इस्त्रीचा शर्ट, कानात फोनचं यंत्र, आणि बोलणं इतकं मऊ की माणसाला उगाच आपण आजारी आहोत असं वाटावं.

"एक्स्टेंडेड आहे ना सर? मग टेन्शनच नाही. चहा घ्या."

बुद्धरत्ननं चहा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण पुढारी असल्यासारखं वाटलं. दुसरा चहा घ्यावा का, असा विचार चालू असताना गणराज परत आला. त्याचा चेहरा ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा होता.

"सर, जरा आत येता? एकटेच आलात का?"

दाराचं आतलं कव्हर काढलेलं होतं. आत वायरींचा जुडगा, आणि त्यातल्या दोन वायरी कुणीतरी नीट सोलून, तांबं मोकळं करून ठेवल्या होत्या.

"उंदीर," गणराज हळूच म्हणाला.

"असेल. मोटर कधी बदलताय?"

"सर, उंदीर वॉरंटीत नाही."

बुद्धरत्नला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "बंपर टू बंपर आहे."

"हो सर."

"मग उंदीर कुठे होता? दोन बंपरांच्या मधेच होता ना?"

"होता सर. पण उंदीर कंपनीनं दिलेला पार्ट नाही."

गणराजनं मग अत्यंत प्रेमानं, लहान मुलाला मराठी महिने शिकवावे तशी, वॉरंटीत काय काय येत नाही त्याची उजळणी केली. टायर नाही, बॅटरी नाही, ब्रेकची पॅडं नाहीत, क्लच झिजला तर नाही, काच नाही, रंग नाही, सीटचं कापड नाही, वायपर नाही, प्राणी-पक्षी-पूर-दंगल नाही, आणि रबराचं काहीच नाही.

"रबर?" बुद्धरत्न एकदम उसळला. बाकीचं सगळं तो सोसत होता. "रबर का नाही?"

"रबर झिजतं ना सर."

"आमचं झिजत नाही!"

आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली. ज्या वस्तूवर आपण उभी हयात घालवली ती वस्तू या जगात हिशेबात धरायच्या लायकीचीच नाही असं कुणीतरी छापून ठेवलंय, आणि त्यावर आपलीच सही आहे, हा धक्का उंदरापेक्षा मोठा होता. घरी तो रिक्षानं गेला. गाडी तिथेच राहिली, कारण "तपास" व्हायचा होता.

घरी आम्रपाली, त्याची बायको, दवाखान्यातली ड्युटी करून नुकतीच आली होती. ती नर्स होती आणि आजवर तिनं बऱ्याच नातेवाइकांना वाईट बातम्या शांतपणे सांगितल्या होत्या. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पैसे भरून मोटर बदलून टाका ना."

"प्रश्न पैशाचा नाही."

"मग कशाचा आहे?"

"तत्त्वाचा आहे."

आम्रपालीनं कुकर लावला. तत्त्वाचा प्रश्न आला की स्वयंपाक वेळेवर करून ठेवावा, हे ती अनुभवानं शिकली होती.

दुसऱ्या दिवशी बुद्धरत्ननं वॉरंटीच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि त्याला नवाच धक्का बसला. वॉरंटी गाडीच्या कंपनीची नव्हतीच. कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीची होती, ती लांब दुसऱ्या राज्यात होती, आणि तिथल्या मुलीचा आवाज इतका आनंदी होता की तिला अजून कुणी काही सांगितलेलं नसावं.

"सर, नुकसान प्राण्यामुळे झालंय का?"

"तसं म्हणतात."

"प्राणी पाळीव होता की बाहेरचा?"

"मॅडम, उंदीर आहे!"

"ओके सर. पाळीव म्हणून नोंदवू?"

त्यानं फोन ठेवला. मग विम्याच्या माणसाला फोन केला. विमावाला म्हणाला, उंदराचं नुकसान आम्ही देतो की साहेब. बुद्धरत्न खूश झाला. विमावाला पुढे म्हणाला, पण मोटर आपोआप जळली असेल आणि उंदीर नंतर आला असेल तर देत नाही. तुम्ही एवढं सिद्ध करा की उंदीर आधी आला. लगेच गणराजला विचारलं, तर तो म्हणाला, सर, मोटर आधी गेली आणि उंदीर नंतर आला असं सिद्ध करा, वॉरंटीवाले ऐकतील कदाचित.

म्हणजे एकाला उंदीर आधी हवा होता आणि दुसऱ्याला मोटर आधी. ज्या दोघांनी खरं काय ते पाहिलं होतं, त्यातली मोटर जळाली होती आणि उंदीर फरार होता.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सयाजीरावांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. बाजूच्या नाल्यातून उंदीर येतात यावर एकमत झालं. तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, मांजर पाळणं, मांजराचा नुसता आवाज मोबाइलवर लावून ठेवणं, अशा सूचना आल्या. शेवटी सयाजीरावांनी बुद्धरत्नला कोपऱ्यात घेतलं.

"ओव्हाळ राव, उंदीर म्हणायचंच नाही. म्हणायचं, वायर जुनाट होऊन उकलली."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठे? मोघम बोला. आमच्या कारखान्यात आम्ही तीस वर्षं मोघम बोललो, काय झालं?"

"आमच्या खात्यात मोघम चालत नाही," बुद्धरत्न ताठ होऊन म्हणाला. "आम्ही मूळ कारण शोधतो. का झालं, ते का झालं, त्याचं कारण काय, असं खोदत जायचं."

"खोदा," सयाजीराव म्हणाले. "उंदीरही तेच करतो."

पुढच्या खेपेला तो आम्रपालीला बरोबर घेऊन गेला. सीटा बाहेर, डॅशबोर्ड उघडलेला, गालिचा उन्हात वाळत टाकलेला. घर शिफ्ट करताना ट्रकमध्ये सामान चढवायच्या आधी दिसतं तशी गाडी दिसत होती.

"खिडकीसाठी एवढं?" आम्रपालीनं विचारलं.

"मॅडम, उंदीर आत आहे की नाही ते बघावं लागतं. आत असताना गाडी बंद केली आणि तो मेला, तर वास." गणराजनं घसा साफ केला. "आणि सर, अजून एक सापडलंय."

बॉनेटच्या आत एक काळी डबी होती. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. गेल्या दिवाळीत सयाजीरावांच्याच सांगण्यावरून बुद्धरत्ननं डांगे चौकातल्या दुकानातून ती बसवून घेतली होती. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून ती उंदरांना पळवून लावते, असं दुकानदार म्हणाला होता. डबीच्या शेजारी सीटमधला फोम, कापूस आणि चिंध्या गोळा करून उंदरानं अतिशय टुमदार घरटं केलं होतं. डबी गरम राहते, त्यामुळे थंडीत त्याची चांगली सोय झाली असावी.

"ही डबी बाहेरची फिटिंग आहे सर," गणराज खाली बघत म्हणाला. "हिच्यासाठी मूळ वायर कापून जोड दिलाय. बाहेरची फिटिंग असली की इलेक्ट्रिकलची वॉरंटी पूर्ण रद्द होते."

"म्हणजे उंदीर येऊ नये म्हणून जे बसवलं..."

"त्यामुळे वॉरंटी गेली सर."

"आणि ते बसवलं नसतं तर?"

"तर उंदरामुळे गेली असती."

बुद्धरत्न बाहेर काढून ठेवलेल्या सीटवर बसला. सीट शेडच्या मधोमध होती, त्यामुळे येणारे-जाणारे मेकॅनिक त्याला वळसा घालून जात होते. आम्रपालीनं सवयीनं त्याची नाडी पाहिली.

चोवीस तारीख उजाडली तरी गाडी उघडीच. आईनं रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचा, "काच बसली?" आणि त्यानं रोज "बसतेय" म्हणायचं. त्या दिवशी विम्याचा तपासनीस पाहणीला येणार होता, म्हणून बुद्धरत्ननं कंपनीत अर्धी रजा टाकली. तपासनीस म्हणजे जाडजूड, घामेजलेले गृहस्थ. दिवसभरात बऱ्याच गाड्या पाहायच्या असल्यानं ते कुठल्याच गाडीकडे नीट पाहत नव्हते. "उंदीर दाखवा," एवढंच म्हणत होते.

गणराजला बुद्धरत्नची खरोखर दया आली असावी. त्यानं त्याला बाजूला घेतलं. त्याच्या हातात एक रबरी बूच होतं, गाडीच्या सांगाड्यातून दारात वायरी जातात तिथे भोक बंद करायला बसवतात ते. त्याची कड एका बाजूनं फाटलेली होती.

"सर, ऐका. मी असं लिहितो की हे बूच मुळातच खराब होतं, सैल होतं, म्हणून उंदीर आत शिरला. बनवतानाचा दोष. मग एक्स्टेंडेडचा संबंधच नाही. गाडीची कंपनी अशा वेळी आपणहून सगळं करून देते. माझ्या साहेबांशी बोललोय. संध्याकाळपर्यंत काम चालू करतो, तुम्ही फक्त हो म्हणा."

इतके दिवस बंद असलेली सगळी दारं एकदम उघडली. बुद्धरत्नचे डोळे भरून आले. "गणराज, तुमचे उपकार..." असं म्हणत त्यानं ते बूच हातात घेतलं, आणि सवयीनं उलटं केलं.

मागच्या बाजूला बारीक ठसा होता. त्याच्याच कंपनीचा. त्याच्याच प्लांटचा.

"हे खराब आहे असं लिहिणार?" त्यानं विचारलं.

"हो सर."

"हे?"

"फक्त कागदावर सर."

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसानं मान डोलावली असती. आम्रपाली नंतर म्हणाली, की मी तिथे असते तर तुमचं तोंड दाबून धरलं असतं. पण ती ड्युटीवर होती. बुद्धरत्ननं खिशातून भिंग काढलं. क्वालिटीचा माणूस रुमाल विसरेल, भिंग विसरत नाही.

"हे बघा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढायला लागला. "ही कड सैल असती तर इथे घासल्याची खूण दिसली असती. आहे? नाही. हे मुळात फाटलेलं असतं तर चीर सरळ गेली असती. ही कशी आहे? दातेरी! हे कुरतडलंय. बाहेरून आत कुरतडलंय. आणि दाबून बघा, दाबा! एवढी वर्षं उन्हातान्हात राहूनही कसं परत फुगतं! असं बूच तुम्हाला अख्ख्या चाकणमध्ये मिळणार नाही. आणि तुम्ही याला खराब म्हणता?"

"सर, हळू..."

"हळू कशाला? उंदरानं याच्याशी किती दिवस झुंज दिली असेल याची कल्पना आहे तुम्हाला? दुसऱ्या कुणाचं बूच असतं तर एका दिवसात आत गेला असता! इथून रबर तोडून आत शिरला, ही पहिली वायर खाल्ली, मग ही, दोन्हींचं तांबं एकमेकांना टेकलं, आणि त्यानंतर मोटर जळाली. स्वच्छ दिसतंय! मोटरीचा दोष नाही, बुचाचा दोष नाही. दोष उंदराचा आहे, शंभर टक्के उंदराचा!"

सगळी शेड थांबून ऐकत होती. एका मेकॅनिकनं नकळत टाळी वाजवली. स्वतःच्याच फायद्याच्या विरोधात इतक्या तळमळीनं बोललेलं गिऱ्हाईक तिथे आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. गणराजनं कपाळाला हात लावला.

विम्याचे तपासनीस मात्र पहिल्यांदाच नीट पाहत होते. त्यांनी भिंग मागून घेतलं, बूच पाहिलं, वायरी पाहिल्या. "म्हणजे उंदीर आधी, मोटर नंतर?"

"आत्ता तेच सांगितलं मी!"

"लेखी द्याल?"

"दहा वेळा देईन!"

"एकदा पुरे," तपासनीस म्हणाले. "पास करतो."

बुद्धरत्नला आपण जिंकलो की हरलो हे बराच वेळ कळलं नाही. ज्या वॉरंटीसाठी एवढी लढाई केली तिनं तर दमडीही दिली नव्हती, आणि ज्याच्याकडे तो नाइलाज म्हणून गेला होता तो विमा मंजूर झाला होता. गणराज म्हणाला, "सर, उद्या सुट्टी आहे, पण मी सकाळी माणसं बोलावतो. तुमच्या आईंसाठी." मग जरा घुटमळून म्हणाला, "ते बूच मात्र नवीन टाकावं लागेल. स्टॉकमध्ये दुसऱ्या कंपनीचं आहे. चालेल?"

बुद्धरत्ननं डोळे मिटून मान हलवली.

पंचवीस तारखेला तो भल्या सकाळी चाकण रस्त्यावर हजर झाला. सीटा बसल्या, डॅशबोर्ड बसला, काच सुळकन वर गेली, सुळकन खाली आली. त्याला भरून आलं. पण परतताना मोशीत कंटेनरांची रांग लागलेली, पुढे एक क्रेन आडवी. घरी पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. त्यानं खालूनच हॉर्न वाजवला. गॅलरीत कुसुमताई आल्या.

"अहो, त्या गेल्या!"

"कुठे गेल्या?"

"देहूरोडला. सासू-सुना दोघी. रिक्षानं चिंचवड स्टेशनला गेल्या आणि तिथून लोकलनं. तुमची आई म्हणाली, त्याचं वारंट सुटेपर्यंत माझा जीव जाईल."

बुद्धरत्ननं मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर आईसाठी गणराजनं आठवणीनं एक उशी ठेवली होती. मग त्यानं दात-ओठ आवळले आणि गाडी तशीच देहूरोडकडे वळवली. दिलेला शब्द म्हणजे शब्द. जाताना नाही तर येताना.

देहूरोडला गर्दीचा पूर लोटला होता. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे आणि मूर्तींचे स्टॉल. पोलिसांनी त्याची गाडी इतक्या लांब लावायला लावली की तिथून विहारापर्यंत चालण्यापेक्षा स्टेशन जवळ पडलं असतं. घामाघूम होऊन तो पोचला तेव्हा आई मांडवात जुन्या ओळखीच्या बायकांमध्ये फतकल मारून बसली होती. दर्शन झालं होतं, जेवण झालं होतं, गुडघ्यांचं नावसुद्धा नव्हतं. आम्रपाली तिच्या पाठीला टेकून चक्क डुलकी काढत होती.

"आलास? गाडी कुटं हाय?"

"लांब लावावी लागली, आई."

"किती लांब?"

त्यानं हातानं दिशा दाखवली. आईनं तिकडे पाहिलं, नजर पोचली नाही, तेव्हा म्हणाली, "मग तू गाडीनं ये. आमी लोकलनं जातो. जागा मिळती बसाया." तो काही बोलणार तोच तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "अजून पाया पडला न्हाईस ना? जा, लायनीत उभा ऱ्हा."

तो रांगेत उभा राहिला. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. पुढे निळ्या शर्टातला, भोसरीचा एक तरुण गृहस्थ होता. गाडीच्या किल्ल्या बुद्धरत्नच्या हातात पाहून त्यानं विचारलं, "दादा, एक सांगता का? मीही गाडी बुक केलीय. शोरूमवाले मागे लागलेत, एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून. घ्यावी का?"

त्या गृहस्थाला काय ठाऊक, आपण कुठला बांध फोडला. बुद्धरत्ननं पहिल्यापासून सुरुवात केली. वॉरंटी नक्की कुणाची आहे ते बघा. झिजण्याच्या वस्तू वेगळ्या, मोडण्याच्या वेगळ्या. सर्व्हिस एकदा जरी बाहेर केली तर संपलं. दिवा, हॉर्न, साधी डबी बाहेरची लावलीत तर संपलं. विमा कुठे थांबतो आणि वॉरंटी कुठे सुरू होते, आणि त्या दोघांच्या मधे जी फट असते तीत काय काय राहतं. रांग सरकत होती, तो बोलत होता. मागचे-पुढचे लोकही कान देऊन ऐकायला लागले. चपला काढून ते पायऱ्यांशी आले तेव्हा तो नुकता रबरापर्यंत पोचला होता.

"दादा," तो गृहस्थ घाईनं कुजबुजला, "आता आत जायचंय. थोडक्यात सांगा. घेऊ का नको?"

बुद्धरत्ननं तोंड उघडलं. इतक्या दिवसांत शिकलेलं सगळं जिभेवर गर्दी करून आलं आणि त्यातून एकच शब्द निसटला.

"घ्या."

तो स्वतःच दचकला. "घ्या, पण..." असं तो म्हणणार इतक्यात दारातल्या पांढऱ्या साडीतल्या स्वयंसेविकेनं ओठांवर बोट ठेवलं. "दादा, शांतता. आत भगवान आहेत."

आत खरंच शांत होतं. बुद्धरत्ननं हात जोडले, डोळे मिटले. पण मिटलेल्या डोळ्यांपुढे त्या गृहस्थाचा समाधानी चेहरा तरळत होता. हा माणूस उद्या शोरूममध्ये जाणार, गाडीला हार घालणार, पुठ्ठ्याची किल्ली हातात घेणार आणि सही करणार. त्यानं डोळे उघडले. गृहस्थ पुढच्या दारानं बाहेर पडून गर्दीत मिसळला होता.

बुद्धरत्न अनवाणीच धावला. पुस्तकांचे स्टॉल ओलांडले, मूर्तींचे ओलांडले. दूरवर तो निळा शर्ट दिसला, आणि त्यानं जिवाच्या आकांतानं हाक मारली.

"अहो! उंदीर! उंदीर त्यात नाही! उंदीर!"

क्षणात धावपळ उडाली. बायकांनी साड्या सावरल्या, कुणी खुर्चीवर चढलं, एका स्टॉलवाल्यानं झाडू उचलला. "कुठाय? कुठाय?" असा गलका झाला. मांडवात अंबुबाईच्या शेजारच्या म्हातारीनं पाय वर घेतले आणि गर्दीतून अनवाणी पळणाऱ्या त्या माणसाकडे बोट दाखवून विचारलं, "कोन वो त्यो येडा?"

अंबुबाईनं शांतपणे पानाला चुना लावला.

"माझाच ल्योक हाय," ती म्हणाली. "गाडी हाय त्याच्याकडं."